मिस पॉमफ्रेंच्या गावी ठेवलेलं प्रस्थान

बार्शीत माझ्या वयाच्या बाया काशीला जातात, रामेश्वरला जातात, गुडघे धड असले तर गिरनारही चढतात. मी ऑल्डरविकला जाऊन आले. ऑल्डरविक म्हणजे कुठे, असं रेल्वेत तिकीट तपासणाऱ्यानेसुद्धा मला विचारलं, तेव्हा तुम्हाला ठाऊक नसलं तर वाईट वाटून घेऊ नका. इंग्लंडात श्रॉपशर नावाचा परगणा आहे, वेल्सच्या सीमेला टेकलेला. तिथे डोंगराच्या पायथ्याशी हे गाव आहे. देवस्थान नाही, समुद्र नाही, साडीचं दुकान नाही. मिस हेस्टर पॉमफ्रे नावाच्या बाईंचं ते गाव, म्हणून गेले.

पिनर

आमचे हे गेल्यावर वृंदाने मला इकडे, लंडनच्या कडेला पिनरला आणलं. वृंदा माझी एकुलती एक लेक, इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. जावई नितीनराव कंप्युटरमधले, रोज मेडनहेडला जातात. दोघं सकाळी बाहेर पडली की घरात मी, खिडकी आणि समोरच्यांचं मांजर. पहिल्याच थंडीत मांजराचा सगळा दिनक्रम मला पाठ झाला. मग वृंदा मला दर शनिवारी लायब्ररीत सोडायला लागली आणि तासाने येऊन उचलायला लागली, पार्सल उचलतात तसं.

माझं शिक्षण सातवी. इंग्रजी मी वृंदाच्या शाळेच्या पुस्तकांवर शिकले. ती धडे पाठ करायची, मी पोळ्या लाटता लाटता ऐकायची. दहावीपर्यंत आम्ही दोघी बरोबर होतो. पुढे ती मेडिकलला गेली, तिथे मी मागे पडले.

तर त्या लायब्ररीत मला मिस पॉमफ्रे भेटल्या, मोठ्या अक्षरांत छापलेल्या पुस्तकात. दीडशे वर्षांपूर्वी ही बाई, लग्न न करता, एकटी अमेरिकेच्या पश्चिमेला गेली. तिथे तेव्हा गोऱ्यांची वस्ती संपायची आणि रान सुरू व्हायचं. बाईंजवळ एक खेचर, एक छत्री आणि एक कढई. नद्या ओलांडल्या, बर्फात झोपल्या. एकदा अस्वल समोर आलं, तर त्यांनी छत्री उघडून त्याला दाखवली. अस्वल निघून गेलं. यावर त्यांनी एवढंच लिहिलंय की छत्री चांगल्या दुकानातून घ्यावी.

शब्दकोश मांडीवर घेऊन मी ते पुस्तक हिवाळाभर वाचलं. आणि एक दिवस मनात आलं, ही बाई अस्वलांतून एकटी गेली, आणि मला शेजारच्या हॅरोपर्यंत एकटीला जाऊ देत नाहीत.

त्याच सुमारास वृंदाने माझे कागद तयार केले होते. मला कायमचं इथे राहता यावं, म्हणून अर्ज द्यायला एका बुधवारी क्रॉयडनच्या सरकारी ऑफिसात जायचं ठरलं होतं. माझ्या सहीची तेवढी खोटी होती.

"सही करते," मी म्हटलं. "पण आधी मी ऑल्डरविकला जाऊन येणार. एकटी."

"आई, इट्स नॉट सेफ. तुला नीट ऐकू येत नाही, गुडघा दुखतो, मध्ये ट्रेन बदलायला लागते."

"बदलेन."

"मी सुट्टी घेते ना, आपण सगळे कारने जाऊ."

"वृंदे, हे घर चांगलं आहे. पण ज्या घरातून एकटीला बाहेर पडता येत नाही, तिथे मी जन्म काढणार नाही. शुक्रवारी जाते, सोमवारी संध्याकाळी या दारात उभी राहते. राहिले तर बुधवारी क्रॉयडन. तुला मला आणायला यावं लागलं, तर मी बार्शीला परत. मग तिथे निदान भाजी तरी एकटी आणीन."

वृंदा नितीनरावांकडे बघायला लागली. नितीनराव म्हणाले, "आई, माझा रेनकोट घेऊन जा. तुमचा पाण्यात टिकायचा नाही." जावई कधी कधी बोलतात, पण बोलतात ते कामाचं.

शुक्रवार

रेल्वेचं वर्णन करत नाही. बसलं, उतरलं, दुसरीत बसलं. समोरच्या बाई माझ्याशी अख्ख्या प्रवासात एक शब्द बोलल्या नाहीत आणि उतरताना म्हणाल्या, तुमच्याबरोबर छान वाटलं. इथले लोक स्वभावाने गरीब आहेत. आपण आधी बोललो नाही तर अंगावर येत नाहीत.

मिस पॉमफ्रे लिहितात की अनोळखी मुलखात जाताना तिथल्या लोकांना द्यायला सुया न्याव्यात. मी एक सुयांचं पाकीट घेतलं होतं. शिवाय खाण्याचं आपलं आपण बघावं, असंही त्या लिहितात. आमच्या सोलापूरकडच्या बाईला हे सांगायला मिस पॉमफ्रे कशाला पाहिजे. डबाभर कडक भाकरी आणि शेंगांची चटणी बरोबर होतीच.

उतरले त्या स्टेशनला एक फलाट, एक बाक आणि एक कुंडी. मास्तर नाही. सकाळी एक माणूस येऊन दिवे बघतो, बाकी स्टेशन स्वतःच चालतं.

मुक्काम मिसेस डॉब्स यांच्या घरी होता. पैसे घेऊन पाहुणे ठेवतात, सकाळी नाष्टा देतात. बाई माझ्याच वयाच्या, नवरा गेलेला, मुलगा ऑस्ट्रेलियात. मी सुयांचं पाकीट दिलं. त्यांनी चष्मा लावून पाकीट उलटंपालटं केलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला कसं कळलं? माझ्या सगळ्या हरवल्यात." तेव्हा मिस पॉमफ्रेंचा सल्ला अजूनही लागू आहे.

मी मांस, मासे, अंडं काही खात नाही असं ऐकल्यावर त्यांना माझी काळजी वाटली.

"मग तुम्ही जगता कशावर?"

मी डबा उघडला. त्यांनी एक भाकरी हातात घेतली, बोटाने वाजवून पाहिली.

"ही खायची, की हिच्यावर ठेवून खायचं?"

"खायची."

त्यांनी तिच्यावर मार्मलेड लावलं. म्हणजे संत्र्याच्या सालींचा कडवट मुरंबा. आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या. ज्या मुलखात जावं, तिथल्या रीतीला नाक मुरडू नये.

शनिवार

मिस पॉमफ्रे लहानपणी ज्या डोंगरावर हिंडायच्या, तो पाहायला निघाले. सहावारी, पायांत वृंदाचे कॅनव्हासचे बूट, वरून नितीनरावांचा रेनकोट गुडघ्याच्या खालपर्यंत. आरशात पाहिलं नाही.

इथे एक चमत्कारिक गोष्ट आहे. लोकांच्या शेतांतून पायवाटा जातात आणि त्यांवरून कुणीही चालावं असा कायदा आहे. मालक समोर उभा असला तरी तो फार तर हवेबद्दल बोलतो. आपल्याकडे बांधावरून कोर्टात जातात, इथे बांधावरून फिरायला जातात. माझ्या सासऱ्यांनी हे पाहिलं असतं तर त्यांचा विश्वास बसला नसता. त्यांची बांधाची केस त्यांच्यामागेही चालू होती.

कुंपण आलं की फाटकाऐवजी दोन लाकडी पायऱ्या असतात. चढायचं, पाय पलीकडे टाकायचा, उतरायचं. इंग्लंडमधली मेंढरं अलीकडे राहावीत आणि माणसं पलीकडे जावीत अशी युक्ती. सहावारीचा विचार त्यात केलेला नाही. दुसऱ्या कुंपणावर माझा एक पाय एका शेतात, दुसरा दुसऱ्या शेतात, आणि निऱ्या खिळ्यात. कुत्रं घेऊन फिरणारं एक जोडपं आलं. नवरा पाठ करून डोंगराकडे बघत राहिला आणि बायकोने निऱ्या सोडवल्या. मग तो वळून म्हणाला, आज पाऊस येईलसं दिसतं. मी म्हटलं, हो. एवढा सभ्यपणा मी लग्नातल्या पंगतीतही पाहिलेला नाही.

पुढच्या शेतात गायी होत्या, पंचवीस-तीस तरी. इथल्या गायी आपल्या गायींहून दीडपट आणि त्यांना करमणुकीची आवड. सगळ्या माझ्याभोवती गोळा झाल्या. छत्री होती, ती उघडली. मिस पॉमफ्रेंचं अस्वल गेलं असेल, गायी आणखी जवळ आल्या. शेवटी मी आपलं "हैक्, हैक्, व्हा तिकडं," असं बार्शीच्या भाषेत म्हटलं. लगेच वाट दिली. गाय कुठलीही असो, तिला शाळेतलं इंग्रजी कळत नाही.

रविवार

चर्चमध्ये एका कोपऱ्यात मिस पॉमफ्रेंची खोली केलीय. तिची किल्ली मिसेस डॉब्सकडेच असते. खेचराचं खोगीर, कढई, आणि ती छत्री. छत्रीला कुणी हात लावू नये अशी पाटी आहे.

मी त्यांच्या समाधीवर वाहायला पिनरहून एक नारळ आणला होता. रिकाम्या हाताने कसं जायचं? मिसेस डॉब्सनी मला चर्चच्या मागे नेलं. दगडावर नाव ॲग्नेस पॉमफ्रे.

"ही धाकटी बहीण," त्या म्हणाल्या. "हेस्टर इथे नाही. ती तिकडेच गेली, कुठल्याशा नदीत. इथे आहे ती ॲग्नेस. हिनेही लग्न केलं नाही, आणि जन्मभर या गावाबाहेर गेली नाही."

"पुस्तकात ती एकदाच आहे," मी म्हटलं. "तिने मोजे पाठवले म्हणून."

"तेच तर. हेस्टर नदीत उतरली की इथे हिला झोप नसायची, असं माझी आजी सांगायची. पण त्याचं पुस्तक कोण छापणार?"

मी नारळ हातात धरून उभी. मी विधवा, ॲग्नेस कुमारिका. ओटी भरायची म्हटलं तर शास्त्रात आमच्या दोघींची सोय नाही. आणि पाहायला आले होते एकीला, भेटली दुसरी. शेवटी मी दगडावरची वाळकी पानं झाडली, नमस्कार केला आणि नारळ पिशवीत परत ठेवला. परत येताना वाटेत मिसेस डॉब्सनी मुलाचं सांगितलं. तो रविवारी फोन करतो, पण तिकडच्या रविवारी, त्यामुळे यांचा शनिवारच चालू असतो.

संध्याकाळी पंचांग काढलं. सोमवारी अमावस्या. सोमवती असली म्हणून काय झालं, प्रवासाला अमावस्या ती अमावस्याच. आणि हा प्रवास तर नीट पार पडायलाच हवा होता.

यावर आपल्याकडे उपाय आहे, पण हल्लीच्या मुलांना तो सांगावा लागतो. वाईट दिवशी निघणं भाग असलं, तर आदल्या दिवशी प्रस्थान ठेवायचं. एका कापडात तांदूळ, सुपारी, हळकुंड, एक नाणं आणि आपल्या रोजच्या वापरातली एखादी वस्तू बांधायची आणि ते गाठोडं जायच्या दिशेला, घराबाहेर नेऊन ठेवायचं. म्हणजे आपण चांगल्या दिवशीच निघालो, असं धरतात. दुसऱ्या दिवशी वाटेत गाठोडं उचलायचं आणि पुढे जायचं. पिनरला असते तर शेजारच्या हंसाबेनकडे ठेवलं असतं. इथे ओळख फक्त मिसेस डॉब्सची, आणि मी उतरलेली त्यांच्याच घरात.

जुन्या साडीचा तुकडा होता. तांदूळ मिसेस डॉब्सकडून मूठभर घेतले. सुपारी आणि हळकुंड माझ्या पिशवीत नेहमीच असतात. नारळ होता, तोही घातला. वापरातली वस्तू कुठली द्यायची? चष्मा दिला तर दिसणार नाही, कवळी दिली तर खाता येणार नाही. म्हणून गजराचं छोटं घड्याळ ठेवलं. चार गाठी मारल्या आणि फिरायला जाते म्हणून स्टेशनवर जाऊन बाकाखाली ठेवून आले. तिथे कुणी नव्हतं. निर्धास्त झोपले.

सोमवार

घड्याळाला सहाचा गजर लावलेला असतो, हे मला सकाळी आठवलं. दिवे बघायला येणाऱ्या माणसाला ते माझ्याआधी कळलं होतं.

लंडनमध्ये वर्षभरापूर्वी रेल्वेत बाँब फुटले, ते तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हापासून या देशात कुणी पिशवी ठेवून दोन पावलं लांब गेलं तरी लोक दचकतात. मी ब्याग घेऊन रस्त्याच्या वळणावर पोचले तर स्टेशनपुढे पट्टी बांधलेली, पोलिसांच्या दोन गाड्या, आणि अर्धं गाव कुत्री आणि चहाचे थर्मास घेऊन उभं. रेल्वेगाड्या दोन्हीकडून बंद. मिसेस डॉब्स मला सोडायला आल्या होत्या. म्हणाल्या, "ऑल्डरविकात असं कधी झालं नाही हो." त्यांना फार वाईट वाटत होतं असं दिसलं नाही.

मी गर्दीत गप्प उभी राहिले असते तर कुणी मला विचारलं नसतं. पण गाडी सुटल्याशिवाय मी पिनरला पोचत नव्हते, आणि गाठोडं हलल्याशिवाय गाडी सुटत नव्हती. पट्टीपाशी एक तरणा सार्जंट होता. त्याच्याकडे गेले.

"ते माझं आहे," मी म्हटलं.

"काय आहे त्यात, मॅडम?"

"तांदूळ, सुपारी, हळद, एक रुपया, नारळ आणि घड्याळ."

तो लिहीत होता. "आणि ते तिथे का ठेवलंत?"

"आज अमावस्या आहे. आज निघणं बरं नाही, म्हणून मी कालच निघाले."

"काल निघालात."

"हो. गाठोडं म्हणजे मी."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग स्टेशनकडे. "म्हणजे तुम्ही आत्ता इथे नाही आहात?"

"शास्त्राप्रमाणे नाही."

तेही त्याने लिहिलं. मुलगा चांगला होता. म्हणाला, त्याचा माझ्यावर विश्वास आहे, पण शहरातून त्या कामाची माणसं निघालीत आणि ती बघितल्याखेरीज परत जात नाहीत. तोवर नाव, पत्ता आणि घरच्या माणसाचा फोन. मी नाव-पत्ता दिला. फोन मात्र देणार नाही म्हटलं.

"का?"

मग त्याला सगळं सांगितलं. वृंदा, नितीनराव, क्रॉयडन, बार्शीची भाजी. ऐकून त्याने पेन खिशात ठेवलं.

"मॅडम, तुमच्या हातातल्या पिशवीला बाहेरून चिठ्ठी आहे. घर आणि हॉस्पिटल, दोन्हीचे नंबर. तुम्ही सांगत होतात तेवढ्यात आमच्या माणसाने तुमच्या मुलीला फोन केलाय. त्या निघाल्यात."

वृंदाचंच काम. निघताना पिशवीच्या मागच्या बाजूला डकवली असणार, मी पाहिली नव्हती. मी भिंतीच्या कट्ट्यावर बसले. अस्वल नाही, नदी नाही. हरले ती सुपारीपायी. मिसेस डॉब्स शेजारी बसल्या, काकडीचं सँडविच माझ्या हातात दिलं. बार्शीचं घर बंद आहे, उघडलं की आधी जाळी काढायला लागतील, असा मी विचार करत होते.

शहरातली माणसं आली. जाड कपडे घालून एक जण फलाटावर गेला. तो परत आला तेव्हा त्याच्या एका हातात नारळ होता आणि दुसऱ्या हातात माझं घड्याळ. गर्दीतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सार्जंटने नारळ मला परत दिला. एवढी माणसं ताटकळली होती, त्यांना तसंच कसं पाठवायचं? फलाटाच्या काठावर फोडला आणि मिसेस डॉब्सच्या चाकूने तुकडे करून सगळ्यांना वाटले. लोकांनी औषध घ्यावं तसे घेतले. एका कुत्र्याने दोनदा घेतला.

गाड्या सुरू झाल्याचं कुणीतरी सांगितलं, आणि तेवढ्यात स्टेशनच्या आवारात आमची लाल गाडी येऊन थांबली.

वृंदा एकटीच होती. तिने दार उघडायच्या आत सार्जंट तिच्या खिडकीशी गेला आणि वाकून काही बोलला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही; मला तसंही कमीच ऐकू येतं. त्याने फलाटाकडे हात केला, मग रस्त्याकडे. वृंदाचे दोन्ही हात चाकावर होते. ती माझ्याकडे बघत होती. मी त्या कुंडीकडे बघत होते. कुंडीत जिरेनियम होतं, त्याला पाणी हवं होतं.

फलाटावर गाडी आली. मिसेस डॉब्सनी माझा हात दाबला. मी ब्याग उचलली, पायरी बघून पाय टाकला आणि आत बसले. खिडकीतून आवार दिसत होतं. लाल गाडी वळत होती.

पिनर

मध्ये कुठेही चुकले नाही. एका ठिकाणी पळत जावं लागलं, तेवढा गुडघा बोलला. स्टेशनपासून घरापर्यंत चालत आले. दारात लाल गाडी उभी होती. जाता जाता तिच्या टपावर नाही, पुढच्या, इंजिनाच्या झाकणावर हात ठेवला. चांगलंच गरम होतं.

घंटा वाजवली. वृंदाने दार उघडलं. पायांत सपाता, अंगावर घरातला गाऊन, आणि गळ्यात अजून हॉस्पिटलचं ओळखपत्र.

"आलीस? कसा झाला प्रवास?"

"छान झाला. तू आज घरीच?"

"हो. सुट्टी घेतली."

"बरं केलंस."

तिने ब्याग माझ्या हातातून घेतली नाही. घ्यायला हात पुढे आला होता, तो तिने मागे नेला. मी ब्याग जिन्याशी ठेवली, हातपाय धुतले. ती स्वयंपाकघरात ताटं काढत होती.

"आई, बस. वाढते तुला."

"तूच बस," मी म्हटलं. "मी वाढते. दमली असशील."

कशाने दमली असेन, असं तिने विचारलं नाही. बसली. मी वरणभात वाढला, वर तूप घातलं, आणि तिच्या समोर बसले.

"बुधवारी क्रॉयडनला किती वाजता निघायचंय?" मी विचारलं.